कपावरची साय

अरे, मी पोकरच्या स्पर्धा खेळतो हे घरी सांगितलं, तेव्हा बाबांनी पेपरातून डोकंच वर काढलं नाही. आई मात्र दर श्रावणात गोकुळाष्टमीच्या सातम-आठमला आमच्या तरसालीतल्या गुजराती शेजारणींबरोबर तीन पत्ती खेळणारी. म्हणाली, "चालो, होऊन जाऊ दे एक डाव."

प्रत्येक डाव तिनेच मारला.

"तुला कळतं कसं गं?"

"चांगली पानं आली की तू चहा प्यायला विसरतोस."

परवा गोव्यात स्पर्धेत माझ्या हातात काहीच नव्हतं. सगळ्या चिप्स पुढे सरकवल्या आणि चहाला हात लावला नाही. दिवसभर मला निरखणाऱ्या समोरच्याने कपावर धरलेली साय पाहिली आणि पानं टाकून दिली.

लगेच आईला फोन केला. मागून बाबांचा आवाज आला, "त्याला म्हणावं, उद्या चहा संपव. ही युक्ती एकदाच चालते."