सहाव्या डब्यातली गोष्ट

अध्यक्ष महाराज, काकी, आणि शाळेच्या या पटांगणात जमलेल्या सर्व वडीलधाऱ्या मंडळींनो,

मला उभं राहून बोलायची सवय नाही. मी तंबूच्या सिनेमाचे बोर्ड रंगवतो. बोर्डावर चूक झाली तर टर्पेंटाइनने पुसता येते. बोललेलं पुसता येत नाही. म्हणून लिहून आणलंय.  सांभाळून घ्या.

दामूकाकांना जाऊन आज तेरा दिवस झाले. माझ्याआधी बोलणाऱ्यांनी ते किती प्रेमळ होते, किती हसवायचे, ते सांगितलं. सगळं खरं आहे. पण दोघांनी आणखी एक सांगितलं. "शेवटी शेवटी जरा विसराळू झाले होते." तुम्ही हसलात. प्रेमाने हसलात, मला कळतं. पण त्या विसराळूपणाबद्दल मला बोलायचं आहे. ते सांगितल्याशिवाय मी खाली बसणार नाही, असं घरून ठरवून आलोय. फक्त ते एकदम सांगता येणार नाही. गोष्टीला क्रम असतो, हे काकांनीच मला शिकवलं.

जे बाहेरगावाहून आलेत त्यांच्यासाठी सांगतो. दिवाळी झाली की आपल्याकडे भाऊशेठांचा सिनेमाचा तंबू लागतो. त्यात कधी कधी इंग्रजी सिनेमा येतो, बहुतेक लढाईचा. तो आपल्याला समजायचा कसा? तर पडद्याच्या डाव्या बाजूला दामूकाका पत्र्याचा कर्णा घेऊन उभे राहायचे आणि सगळा सिनेमा आपल्या भाषेत सांगायचे. लढाईच्या काळात ते बोटीवर कोळसा ओढायला होते, तिथे थोडं इंग्रजी शिकले. जेवढं येत होतं तेवढं इंग्रजीवरून सांगायचे, उरलेलं माणसांच्या तोंडाकडे बघून.

मी कामाला लागलो तेव्हा पहिलाच बोर्ड लिहिला. "युद्ध! चोरी! साहस!" एकही चूक नव्हती. काका बघत राहिले आणि म्हणाले, "मास्तर, अक्षर सोन्यासारखं हाय. पन हे मिठाच्या गोणीवर मीठ लिहिल्यागत झालं. आत काय हाय ते कुठं हाय?"

मी मास्तर नाही. सातवीत शाळा सुटली. पण ते मला मास्तरच म्हणायचे.

मग ते मला खाली किनाऱ्यावर घेऊन गेले. तिथे मासे धरायची डोल वाळत पडली होती. "बघ. जाळ्याचं तोंड केवढं रुंद हाय. आनि शेपटाकडं बघ, हात जात न्हाय. चोरीचा सिनेमा असाच विणतात. आधी तोंड. पाच मानसं पाच ठिकानाहून गोळा करायची. एक तुरुंगातनं, एक दवाखान्यातनं, एक बायकोच्या कुशीतनं. बघनाऱ्याला वाटलं पायजे, कुनीबी आत शिरंल. मग हळूहळू जाळं निमुळतं करायचं. वेळ ठरली. दार ठरलं. भरती-ओहोटी ठरली. आता मागं फिरायला जागा न्हाय."

मी म्हटलं, "आणि शेपटात चोरी."

"न्हाय! तिथंच चुकतात सगळे. चोरी मधेच होते. पेटी हातात आली तरी फिल्मचे चार डबे बाकी असतात. ते कशाचे?"

"पळून जायचे."

"परत यायचे," काका म्हणाले. "पळनं वेगळं, परत येनं वेगळं. होडी गेली ते कोन बघतं? पन परतीला शिडं मोजायला सगळा गाव किनाऱ्यावर उभा राहतो. सिनेमावाल्यांना ते ठाऊक हाय."

आणखी दोन गोष्टी त्यांनी त्या दिवशी सांगितल्या. एक, सिनेमात ज्या बेताचा नकाशा आपल्याला आधी बैजवार दाखवतात, तो बेत फसणार म्हणजे फसणार. मी विचारलं, का? तर म्हणाले, "न्हायतर तेच दोनदा कोन बघंल?" दुसरी गोष्ट, "कायतरी एक वस्तू काठावर राहिली पायजे. विसरून. त्याबिगर गोष्टच सुरू होत न्हाय."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी विसरू शकलेलो नाही.

तीन वर्षांपूर्वी तो सिनेमा आला. तुम्हाला सगळ्यांना आठवतो. शत्रूच्या बंदरावरची कचेरी. तिच्यात नकाशांची पेटी. समुद्रात पाण्याखाली सुरुंग कुठे कुठे पेरलेत, त्याचे नकाशे. पाच शिपायांनी ती पेटी चोरून आणायची, म्हणजे बोटींना वाट मोकळी होईल. त्यांचा जो पुढारी होता त्याला काकांनी नाव दिलं तांडेल. आणि सर्वांत तरुण, सामान मोजून घेणारा, तो मोजणारा. बाकीच्या तिघांची आज गरज नाही.

ओहोटीला नाल्यातून आत शिरायचं, पाणी भरायच्या आत बाहेर पडायचं, असा त्यांचा बेत. पडद्यावर वर गोल चंद्र. तेव्हा ह्या हिराआजी उठून उभ्या राहिल्या होत्या. "अरं, पुनव हाय वर! उधानाचं पानी हाय, नाला भरनार मेल्यांनो, मागं फिरा!" आणि काका कर्ण्यातून म्हणाले होते, "आजी, त्यांना मराठी येत न्हाय. मी सांगतो त्यांना, तुमी बसा."

पाचवा डबा संपला तेव्हा पाचही जण नाल्याच्या तोंडाशी होते. मोजणारा पिशवी उघडतो. त्याचं तोंड उतरतं. दार उडवायची वात पिशवीत नाही. मागे राहिली. आणि चित्र थांबलं.

बत्ती लावली. ऑपरेटरने सहावा डबा मागितला. सहावा डबा नव्हता.

मंडळी, आता ती गोष्ट.

आदला खेळ श्रीवर्धनला झाला होता. तिथून दहा डबे घेऊन आम्ही एसटीने दिघीला आलो, दिघीहून लाँचने खाडी ओलांडून आगरदांड्याला उतरलो. डबे माझ्या ताब्यात. सहाव्या डब्यातली फिल्म श्रीवर्धनला तुटली होती, जोड ओला होता. तो उन्हात तापू नये म्हणून मी तो डबा इतरांपासून वेगळा काढून दिघीच्या धक्क्यावरच्या बाकाखाली सावलीत ठेवला. फार काळजीने ठेवला. खाली पोतं घातलं. मग लाँचमध्ये डबे मोजले. नऊ खाली आणि एक माझ्या हातात. दहा. मी एकदा मोजून थांबत नाही, म्हणून परत मोजले. नऊ खाली, एक हातात. दहा.

हातात होता तो माझ्या रंगाचा डबा.

हे आजपर्यंत गावात कुणाला माहीत नाही. कारण भाऊशेठ, तुम्ही दारावरून तावातावाने आत आलात आणि विचारलंत, "सहावा कुणी ठेवला?" मी तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. तो माझा पहिला हंगाम होता, आणि घरात कमावणारा मी एकटा. काकांनी एकदा माझ्याकडे बघितलं. एकदाच. आणि म्हणाले, "मी विसरलो, शेठ. माझ्या हातात होता. दिघीला धक्क्यावर राहिला."

मग वळले आणि रिकाम्या पडद्यापुढे उभे राहिले. कर्णा तोंडाला लावला आणि सहावा डबा तोंडाने सांगितला.

तुम्ही म्हणता, काय सांगितला! खरं आहे. पण आज मला आणखी एक सांगावं लागणार आहे, त्याबद्दल आधी क्षमा मागतो. खऱ्या सहाव्या डब्यात ते नाही. श्रीवर्धनला मी तो चार वेळा पाहिला होता. खऱ्या डब्यात तांडेल विचारतो, वात कुणाकडे होती? मोजणारा हात वर करतो. तांडेल फक्त मागे बोट दाखवतो. पोरगा एकटा मागे जातो, वात आणतो, आणि वात दुसऱ्याच्या हातात देताना त्याला गोळी लागते. तो तिथेच मरतो.

हिराआजी, रडू नका. काकांनी काय सांगितलं ते आठवा. काकांनी सांगितलं, तांडेल म्हणाला, "मी विसरलो. हे ध्यानात ठेवायचं काम माझं होतं." मग पाचांनी आपापले कोट फाडले, चिंध्या दिव्याच्या तेलात भिजवल्या, वात वळली आणि दार उडवलं. आख्ख्या तंबूने टाळ्या वाजवल्या. मी मागे डब्यांजवळ बसलो होतो. मला टाळी वाजवता आली नाही.

पण आता काकांचे हाल बघा. सिनेमा विणलेला असतो. एक टाका सोडला की पुढचे सगळे सैल होतात. सातव्या डब्यात चारच माणसं पेटी घेऊन धावतायत. तुम्ही ओरडलात, "मोजणारा कुठाय?" काका म्हणाले, "पुढं गेलाय, होडी सोडायला." आठव्यात परत ओरडलात. "होडीतच हाय, ओरडू नका, शत्रू ऐकंल." नवव्यात तांडेलाच्या मांडीवर मोजणाऱ्याची टोपी दिसते. मला वाटलं, संपलं आता. काका म्हणाले, "सांभाळायला दिलीय. वारा किती हाय बघताय ना?"

आणि दहावा. पहाट. होडी परत निघालीय. होडीत चार माणसं आणि पेटी. चारच. तांडेल सरळ आपल्याकडे बघतोय आणि त्याचे डोळे भरलेत. या वेळी तंबूतले सगळे काकांकडे बघत होते. काकांनी कर्णा खाली ठेवला. साध्या आवाजात म्हणाले,

"असं काय बघताय? होडी आपोआप चाललीय व्हय? सुकानू कुनाच्या हातात हाय? मोजनारा सुकानूवर बसलाय. आपन त्याच्याच जागेवरनं बघतोय. म्हनून तो आपल्याला दिसत न्हाय."

 मग शिट्ट्या. आणि हिराआजींचा आवाज, "आला ना सुखरूप मेला, मंग बस."

परतीचा सिनेमा तो. पाच गेले, पाच परत आणले. चार दिसत असताना पाच आणले.

तिसऱ्या दिवशी दिघीच्या लाँचवाल्याने डबा आणून दिला, पण तोवर सिनेमा पुढच्या गावाला निघाला होता. पुढच्या हंगामापासून भाऊशेठ, तुम्ही श्रीवर्धनला आणि माणगावला कर्ण्यावर दुसरा माणूस ठेवलात. म्हणालात, म्हातारा विसरायला लागला. तुमची चूक नाही, तुम्हाला तेच सांगितलं गेलं होतं. काकांकडे फक्त आपलं गाव राहिलं. काकी, तुम्ही बाजाराला निघताना त्यांना विचारायचात, "पिशवी घेतलीत ना, की दिघीला ठेवलीत?" नाक्यावर पोरं विचारायची, "काका, छत्री दिघीला का?" काका स्वतःही हसायचे. एकदा त्या पोरांबरोबर मीही हसलो. ते हसणं मला अजून ऐकू येतं.

मी त्यांच्याकडे गेलो. म्हटलं, "काका, शेठना सांगून टाकतो."

"खाली बस. शेठ तुला काढंल."

"तुम्हाला काढलंच ना?"

"मला कुठं काढलं? माझं घर इथंच हाय." आणि मग हसून म्हणाले, "मास्तर, आपन सातव्या डब्यापासनं पोराला जिता सांगत आलोय. आता मधेच मारायचा व्हय?"

मी बसलो. तीन वर्षं बसून राहिलो. एकट्या काकांच्या जिवावर.

आज उठलोय. भाऊशेठ, तो डबा मी विसरलो. काकी, तो डबा मी विसरलो. ग्रामस्थ हो, दामूकाका काहीही विसरले नव्हते. दहा डब्यांतलं कुठलं माणूस कुठे उभं आहे, कुणाच्या हातात काय आहे, हे शेवटपर्यंत एकट्या त्यांच्या ध्यानात होतं. त्यांना प्रेमळ म्हणा, खोटं बोलणारे म्हणा. विसराळू म्हणू नका. एवढंच मागायला उभा राहिलो.

शेठ, तुमचे बोर्ड आणि कुंचले धुऊन, मोजून तंबूत ठेवलेत. दोनदा मोजलेत. तुम्ही जे ठरवाल ते मला मान्य आहे.

आता आपण सगळे दोन मिनिटं शांत उभे राहू. वेळ अध्यक्ष महाराज बघतील. आज मी मोजणार नाही. काका कुठे आहेत असं त्या दोन मिनिटांत कुणाच्या मनात आलं, तर दहाव्या डब्याचं उत्तर तुम्हा सगळ्यांना पाठ आहे.

काका, तुमच्या मोजणाऱ्याचा नमस्कार.