रंगबदलाबाबतचा अभिप्राय

विषय : ब्राउझरमध्ये वेबपानाचे रंग व अक्षरे बदलण्याच्या साधनाबाबत वापरणाऱ्याचा अभिप्राय.

वरील विषयास अनुसरून सांगतो. हे साधन माझ्या पुतणीने, मीनलने, तयार केलंय. कुठलंही पान उघडायचं आणि त्याचा रंग हवा तसा करायचा. बदल फक्त आपल्याच पडद्यावर दिसतो. "काका, कोणीतरी वापरून बघायला हवं," म्हणाली, म्हणून मी तिला भिंगारला गायकवाडांकडे नेलं. गायकवाड माझ्याच ऑफिसातले, माझ्यासारखेच निवृत्त. बायकोचं नाव कौटुंबिक पेन्शनला लावायचा त्यांचा अर्ज अडकलाय. रोज सकाळी ते त्याचं पान उघडतात, लाल अक्षरांतलं 'प्रलंबित' वाचतात आणि मग बीपीची गोळी घेतात.

मीनलने साधन समजावून दिल्याबरोबर गायकवाडांनी ती लाल अक्षरं हिरवी केली.

तेवढ्यात वहिनी चहा घेऊन आल्या. डोळ्याला चष्मा नव्हता, पण रंग दिसला. ट्रे तसाच टेकवून त्या आत गेल्या आणि सगळ्यांचं तोंड गोड करायला साखरेचा डबा घेऊन आल्या.

"अहो, हिरवं झालं! लागलं का माझं नाव?"

"रंग मी बदललाय," गायकवाड म्हणाले.

"मग सायबानं काय बदललं?"

"सायबाकडं हे साधन न्हाई अजून."

वहिनींनी डबा परत आत नेला. मीनलने हळूच मला विचारलं, "काका, अभिप्राय काय लिहू?"

गायकवाडांनीच सांगितलं, "लिही, साधन उत्तम चालतं. अर्ज अद्याप प्रलंबित आहे, हिरव्या अक्षरांत."