घामानं न निसटणारे इअरबड

अमरावतीच्या मोबाइल दुकानात रांगेत माझ्यापुढे जिममधून आलेला एक तरुण उभा होता.

“भाऊ, घामानं कानातून निसटनार नाहीत असे इअरबड द्या.”

“हे घे, कानामागं अडकतात. गाने ऐकतं वाटते?”

“नाही, आबाचं कीर्तन. आबा गेले मागच्या महिन्यात.”

“अरेरे, गोड गळ्याचे बुवा होते! आन फोन, जोडून देतो.”

“फोन जिममधी नेतच नाही मी.”

“मंग कीर्तन कुठून येते, बाप्पा?”

“आबाच्या फोनवरून. जुने इअरबड त्यालेच जोडेल आहेत.”

“मंग तो फोन आन.”

“तो तं अस्थींसंगं कौंडण्यपूरले नदीत सोडला.”

“…नवे घेऊ नको, राजा. नव्यात आबा येनार नाहीत.”

“पन जुना कानातून पडला की आबा कीर्तन थांबवतात, अन् भर जिममधी माह्या नावानं हाका मारतात.”