दोन चाळीस ते दोन एक्कावन्न या वेळेबाबत

नाव: कागदोपत्री असेल ते, गल्लीत 'टिकटिकमामा' म्हणून प्रसिद्ध. वय: चौपन्न. धंदा: घड्याळदुरुस्ती. पत्ता: तळमजला, पुढच्या खोलीत दुकान, मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड.

समक्ष हजर राहून, पूर्ण शुद्धीवर असताना सांगतो की, माझ्या वरच्या मजल्यावर राहणारे निवृत्त मुख्याध्यापक यांनी, मी आज दुपारी त्यांची मोटार परवानगीविना नेली व तिचा डावा दिवा फोडला, अशी तक्रार दिली आहे. ती अक्षरशः सत्य आहे. जबाब इथेच समाप्त करता आला असता. परंतु हवालदारसाहेबांनी 'का नेली' असे विचारले आणि वेळा अचूक सांगा असे बजावले. अचूक वेळ हाच माझा व्यवसाय असल्याने नकार देणे शोभले नसते.

माझी भाची प्रसूतीनंतर माझ्याकडे राहते. तिचा नवरा कामानिमित्त परगावी असतो. बाळ पाच आठवड्यांचे. त्याला कालपासून सर्दी होती. आज सकाळी साडेआठला भाची म्हणाली, की तो दोन घोट पितो, सोडतो, दम खातो, पुन्हा दोन घोट पितो. चिरंजीवांना गप्पा मारत जेवायची सवय दिसते, असा विनोद मी केला. ती हसली नाही.

दोन रात्री जागलेली भाची दुपारी दोन वाजता, जरा पडते म्हणाली आणि बाळ माझ्याकडे सोपवले. मी त्याला कामाच्या टेबलाशेजारी निजवले. तो रडत नव्हता. याचे श्रेय मी माझ्या सहवासाला दिले. प्रत्येक उच्छ्वासाबरोबर कण्हल्यासारखा बारीक ध्वनी येत होता. तो मी तृप्तीचा उद्गार मानला.

२ वाजून ४० मिनिटांनी एक दुरुस्त झालेले मनगटी घड्याळ तपासत असता, सवयीने बाळाचे पोट वरखाली होताना मोजले. एका मिनिटात चौऱ्याहत्तर. दवाखान्यातून मिळालेला कागद कपाटावर चिकटवलेला आहे. शांत पडलेल्या बाळाचे श्वास मिनिटाला साठ किंवा अधिक असतील तर तत्काळ दाखवावे, असे त्यावर ठळक अक्षरांत आहे. मी निष्कर्ष काढला, की घड्याळ मागे पडते आहे, म्हणून त्याचे मिनिट लांबते आहे. झाकण उघडले, गती किंचित वाढवली, झाकण लावले, पुन्हा मोजले. बहात्तर. दुसरे घड्याळ घेतले. पंच्याहत्तर. मग भिंतीवरचे, ज्यावर सबंध गल्ली विसंबते. चौऱ्याहत्तर. तीस वर्षांच्या अनुभवात एकच दोष तीन घड्याळांत एकाच वेळी आढळलेला नाही. तेव्हा २ वाजून ५१ मिनिटे झाली होती. घड्याळातील दोषामुळे अकरा मिनिटांचा विलंब झाला.

त्यानंतर झबले वर केले. श्वासागणिक फासळ्यांखालची कातडी आत ओढली जात होती. नाकपुड्या फुलत होत्या. ओठांभोवती निळसर छटा होती. मी भाचीला हाक मारली. ती आली, बाळाकडे पाहिले आणि म्हणाली, "मामा, हा रडत का नाहीये?"

 

रुग्णवाहिकेला फोन केला. पलीकडच्या बाईंनी सांगितले, की गाडी यायला पंचवीस मिनिटे लागतील; दूध, पाणी, औषध, काहीही तोंडात घालू नका; दुपटे सैल करा; मान दुमडू न देता उभे धरा; दुसरी सोय असेल तर आमच्यासाठी थांबू नका. रुग्णालय मोटारीने सात मिनिटांवर आहे. मजजवळ मोटार नाही. मुख्याध्यापकांची किल्ली जिन्यातल्या मीटरच्या पेटीत असते, हे इमारतीत सर्वश्रुत आहे. मोटार माझ्या दुकानासमोर लावण्यावरून आमचे चार वर्षे संभाषण नाही, आणि त्यांची वामकुक्षी चार वाजेपर्यंत अभंग असते. आधी दार ठोठावणे, मग तह करणे, मग किल्ली मागणे, इतका अवकाश नव्हता. याआधी मी मोटार अकरा वर्षांपूर्वी चालवली होती.

भाची बाळाला घेऊन मागे बसली. तिला श्वास मोठ्याने मोजत राहायला सांगितले. पुलाच्या चढावर मोजणे बंद झाले.

"का थांबलीस?"

"तो थांबलाय, मामा."

"तळवा चोळ. जोरात चोळ."

त्यापुढचा काळ मी मोजला नाही. आयुष्यात प्रथमच मोजला नाही, त्यामुळे सांगता येणार नाही. मग मागून "एक" असे ऐकू आले. सिग्नल लाल होता याची मला जाणीव आहे. डावा दिवा रुग्णालयाच्या फाटकाच्या खांबावर फुटला. खांब आपल्या जागी होता.

३ वाजून ४ मिनिटांनी परिचारिकेने बाळ हातातून घेतले, झबले वर करून एकदाच पाहिले आणि पळत आत गेली. डॉक्टरांनी फुप्फुसातल्या बारीक नळ्यांना सूज असल्याचे सांगून प्राणवायू लावला. हे कधीपासून, असे विचारल्यावर भाची म्हणाली, सकाळपासून. मी तिथेच उभा होतो. उद्या सकाळपर्यंत थांबा, मग सांगतो, असे डॉक्टर म्हणाले.

तक्रारदार मुख्याध्यापक इथे चौकीबाहेरच्या बाकावर बसले आहेत. मी आत येताना ते चार वर्षांनंतर प्रथम माझ्याशी बोलले. "आता किती आहेत श्वास?" भाचीचा सहा वाजताचा निरोप मी सांगितला: सहासष्ट. ते म्हणाले, "मग पटकन लिहून द्या आणि जा तिकडे. दिवा मात्र मी सोडणार नाही."

हा जबाब मला सावकाश वाचून ऐकवण्यात आला. एक स्थळ वगळता तो मी सांगितल्याबरहुकूम आहे. 'घड्याळातील दोषामुळे' हे वाक्य लिहून घेणाऱ्यांनी माझ्याकडे बघून, सौजन्याने, आपल्या मनाने घातले आहे. ते खोडावे आणि त्या जागी लिहावे: तिन्ही घड्याळे बरोबर होती. मग सही करतो.