एकच कार्ट आणि माझा गुलाबी गाऊन

अहो, टॉवेल एक, छत्री एक, चार्जर एक... आणि माणसं दोन! दुसरा आणा म्हटलं की आमच्या ह्यांचं ठरलेलं, "एक आहे ना? मग दुसरा कशाला?" बरं, घरात केलं ते केलं, पण हाच शहाणपणा कामावरही!

हे प्रोग्रॅमर. एका कपड्याच्या दुकानाची वेबसाइट करत होते. आता तुम्हाला सांगते, त्या प्रोग्रॅममध्ये म्हणे कंटेनर असतो. डबा नाही हो, कोठी सांभाळणारा माणूस समजा! ज्याला जे लागेल ते तो काढून देणार, पण दर वेळी नवं द्यायचं, की प्रत्येक गिऱ्हाइकाला वेगळं, की सगळ्यांत मिळून एकच, हे त्याला आधी सांगून ठेवायचं. आता खरेदी टाकायच्या कार्टचं ह्यांनी काय सांगितलं असेल? ओळखा! "एक आहे ना? मग दुसरी कशाला?"

झालं! साइट दाखवायचा दिवस. ऑफिसात दुकानदार, शेजारी त्याची बायको, मागे साहेब हाताची घडी घालून... "आज काही चुकलं तर उद्यापासून घरी बसा," असं ह्यांना आधीच बजावलेलं. दुकानदाराने ऐटीत एक शर्ट टाकला, आणि कार्टमध्ये काय? शर्ट, आणि झालरीचा गुलाबी गाऊन!

"हा कोणासाठी?" बायको.

"अगं, शपथ, मी नाही टाकला!" काढला बिचाऱ्याने. परत आला. पुन्हा काढला... तर आता दोन!

येणार नाही तर काय! इकडे घरात बसून मी टाकत होते ना! ह्यांनीच कौतुकाने लिंक पाठवलेली, मी हौसेने बघायला गेले, तर माझा गाऊन सारखा गायब! मलाही चढला चेव. तिकडे ह्यांना दरदरून घाम. तसला गाऊन गेला महिनाभर कोण मागतंय, हे शेवटी आठवलं असावं. फोन आला, "तू... गाऊन टाकतेयस का गं?"

"हो, आणि कोण मेला काढतोय सारखा?"

सापडली चूक! एक शब्द बदलला, ज्याची त्याची कार्ट वेगळी. पण ती बाई ऐकेना, तेव्हा मलाच फोनवर सांगावं लागलं, "गाऊन माझाच हो ताई, तुमचे हे अगदी साधे आहेत!" त्याचा संसार वाचला, म्हणून त्याने साहेबांना गळ घातली आणि ह्यांची नोकरी वाचली.

संध्याकाळी हे आले ते नवाकोरा टॉवेल घेऊन. "हा तुझा वेगळा." इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! म्हटलं, "आणि गाऊन?" तर दोरीवरच्या जुन्याकडे बोट... "एक आहे ना? मग दुसरा कशाला?"

नाही सुधारायचा हा माणूस. जाऊ दे... नवराही एकच आहे ना? मग दुसरा कशाला!