हलका झालेला पाव

मँचेस्टरच्या सार्वजनिक भट्टीपुढे रुथ घरच्यांचा पाव भाजून घ्यायला रांगेत उभी होती. तिच्यापुढे अ‍ॅग्नेस आपल्या जावेशी बोलत होती.

"घरून तोलून आणलेला गोळा भाजला की हलका भरतो. हा भट्टीवाला कणीक चोरतो. आज चारचौघांत विचारणारच."

"उगाच चोर ठरवशील बिचाऱ्याला. डाल्टन मास्तर शिकवतात, सगळं बारीक कणांचं असतं. कण कुणाला घडवता येत नाही, नाहीसाही करता येत नाही."

"मग माझे गेले कुठे?"

"पाण्याचे वाफ होऊन उडाले. आणि हा वास येतोय ना, तेही पावाचेच कण."

"म्हणजे अख्खी रांग माझा पाव खातेय म्हण की."

"खाऊ दे गं."

भट्टीवाल्याने पाव पुढे केला. "तोलायचाय, बाई?"

"नको. छान भाजलायस."

रुथचा शुक्रवारचा उपवास होता. ती हळूच दोन पावलं मागे सरली.