फोटोत फक्त लाभार्थी

नाव विलास उमाजी राव, वय ४९, व्यवसाय नोकरी, बोम्मसंद्रा येथील एका कारखान्यात स्टोअर सुपरवायझर, राहणार जयनगर, बेंगळुरू.

मी स्वतः ठाण्यात हजर राहून, विचारल्यावरून सांगतो की, वरील पत्त्यावर मी व पत्नी स्मृती, वय ४४, असे दोघे राहतो. मुलगी शिकायला म्हैसूरला असते. घर माझ्या सासऱ्यांनी पत्नीच्या नावे केलेले आहे. विजेचे बिल तिच्या नावे येते. ते आजवर मी भरत आलो आहे.

यंदा गच्चीवर सोलर बसवायचे ठरले. सरकारी अनुदानाचा अर्ज माझ्या नावे करावा असे मी म्हटले. सोलर बसवणाऱ्यांचा माणूस प्रणीत, वय अंदाजे तीस, म्हणाला, "सर, घरगुती मीटर ज्यांच्या नावे आणि छत ज्यांच्या मालकीचं, त्यांनाच अनुदान मिळतं. मॅडम पात्र आहेत. तुम्ही नाही." रक्कमही तिच्याच खात्यात येईल असे त्याने सांगितले. मी सरी, म्हणजे बरं, म्हटले.

त्यानंतर प्रणीत फोन पत्नीलाच करू लागला. कधी आधार पाहिजे, कधी बँकेचा चेक, कधी छताची मापे. आधी ती त्याला अण्णा म्हणत असे. नंतर नावाने बोलावू लागली. जेवताना ती मला इन्व्हर्टर म्हणजे काय ते समजावून सांगे. ते मला आधीच ठाऊक होते. तसे मी तिला सांगितले नाही.

पॅनेल बसून झाली होती, आज शनिवारी अनुदानाच्या पोर्टलवर चढवायचा फोटो तेवढा बाकी होता. प्रणीत साडेअकराच्या सुमारास आला. पत्नीने मोरपंखी साडी नेसली होती. मीही इस्त्रीचा शर्ट घालून पॅनेलजवळ तिच्या शेजारी उभा राहिलो. प्रणीत म्हणाला, "सर, स्वल्प बाजूला व्हा. फोटोत फक्त लाभार्थी पाहिजे. नाहीतर अर्ज परत येतो." मी बाजूला झालो. पत्नी म्हणाली, "तुम्ही खाली जाऊन कॉफीचं बघा ना."

जिन्यात असताना मला पत्नीच्या हसण्याचा आवाज आला. प्रणीत काय बोलला ते ऐकू आले नाही. घरात ती तशी हसत नाही. मी परत वर चढलो, गच्चीचे दार ओढून घेतले आणि जिन्याच्या बाजूने कडी लावली. पुढच्या दाराला कुलूप घालून स्कूटरने चौथ्या ब्लॉकमधल्या हॉटेलात गेलो. पत्नीचे फोन येत होते. मी घेतले नाहीत. मग प्रणीतच्या नंबरवरून आला, तोही घेतला नाही. कडी चुकून लागली का, असे मला इथे विचारण्यात आले. चुकून लागली नाही.

दीडच्या सुमारास परतलो तेव्हा फाटकाशी पोलिसांची गाडी उभी होती. समोरच्या राजलक्ष्मी अक्कांनी बोलावली होती. अक्का म्हणाल्या, "विलास, तिला बीपी आहे ना रे? ह्या उन्हात?" पोलिसांसोबत वर जाऊन कडी मीच काढली. पत्नी पॅनेलच्या सावलीत भिंतीला टेकून बसली होती. तिच्या डोक्यावर प्रणीतचे हेल्मेट होते. तो उघड्या डोक्याने उन्हात उभा होता.

मी पाणी पुढे केले. तिने ते हवालदारांच्या हातून घेतले. मग विचारले, "फोटो चढला का?" हे तिने प्रणीतला विचारले. तो म्हणाला, "चढला, मॅडम."

दवाखान्यात तिची प्रकृती ठीक असल्याचे सांगितले. ठाण्यात मी दोघांची माफी मागितली. प्रणीत म्हणाला, "सोडा सर." पत्नी हवालदारांना म्हणाली, "माझी तक्रार नाही. घराच्या चाव्या तेवढ्या माझ्याकडे द्यायला सांगा." मी चाव्या टेबलावर ठेवल्या. तिने त्या पर्समध्ये टाकल्या आणि अक्कांबरोबर रिक्षाने गेली.

आज रात्री मी मारतहळ्ळीला धाकटी बहीण सुप्रीता हिच्याकडे थांबणार आहे. पत्नीने मला जा असे म्हटलेले नाही. राहा असेही म्हटलेले नाही.

हवालदार गुंडो यांना मराठी येत असल्याने मी बोललो तसे त्यांनी लिहिले व मला ऐकवले. त्यात कमीजास्त काही नाही, म्हणून खाली सही करतो.

विलास उमाजी राव